स्पेसर लावण्यापूर्वी बोल्टचे फेरे मोजा



नेदरलँड्समधील हूफडॉर्प गावी माझा भाचा नोकरीनिमित्त राहतो. शाळेच्या हिवाळी सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. हे गाव म्हणजे एके काळचे सरोवर. वाफेच्या पंपांनी हार्लेमरमेअरचे पाणी उपसून १८५२ साली ही जमीन कोरडी केली. ती समुद्रसपाटीहून सुमारे ४ मीटर खाली आहे. रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि कडेला पाण्याचे खोल चर.

भाच्याने जुनी मोटार घेऊन हौसेने चारही चाकांना ५ मिलिमीटरचे स्पेसर लावले होते. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. तिने चाक थोडे बाहेर येते आणि गाडी रुंद, ऐटदार दिसते. पण वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागे. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी बसलेली. "आत्या, चाक बॅलन्स केलं की थांबेल," तो म्हणाला.

मी मेकॅनिक नव्हे, शिक्षिका आहे. मी एवढेच विचारले, "चकती घातलीस, मग बोल्ट लांब घेतलेस का?" तो गप्प बसला.

घरी परतताच त्याने एक बोल्ट काढला. मी तो पुन्हा हाताने बसवायला सांगितले व फेरे मोजले. जेमतेम साडेचार! हिशेब सोपा आहे. बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा असेल, तर निदान तेवढीच लांबी आट्यांत शिरावी. एका फेऱ्यात तो दीड मिलिमीटर आत जातो, म्हणजे ८ फेरे हवेत. ५ मिलिमीटरची चकती त्यातले तीनहून अधिक फेरे खाते. उरलेल्या आट्यांवर सारे कुटुंब बसले होते. त्या रात्री भाच्याला नीट झोप लागली नाही.

आपल्या मॉरिशसमध्येही तरुणांना ही हौस आहे. म्हणून काही गोष्टी सांगते.

चकती जितकी जाड, तितका बोल्ट अधिक लांब हवा. फार लांबही नको, कारण तो आत ब्रेकच्या भागांना लागू शकतो. बोल्टच्या डोक्याची बैठक चाकाच्या छिद्राशी जुळली पाहिजे. अनेक जपानी गाड्यांना बोल्टऐवजी स्टड व नट असतात. तेथे लांब स्टड, किंवा स्वतःचे स्टड असलेला जाड स्पेसर लागतो. चकतीचे मधले भोक हबवर घट्ट बसावे आणि चाकाला टेकायला पुढे कडा असावी. ती नसेल तर चाक मध्यावर बसत नाही व गाडी थरथरते. भाच्याच्या गाडीत हाही दोष निघाला. एकावर एक दोन चकत्या कधीच लावू नयेत.

हबवरचा गंज आधी ब्रशने घासून काढावा. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क रेंचने आवळावेत. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. शेवटी गाडीत माणसे भरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. गणपती विसर्जनाला आपण पाच जण एका गाडीत बसतो. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर तेव्हा मडगार्डला घासतो. शिवाय चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा भार वाढतो, हेही विसरू नये.

कायदाही पाहावा. नेदरलँड्समध्ये वाहनातील बदलांचे नियम आरडीडब्ल्यू हे खाते पाहते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. आपल्याकडेही आधी वाहन खात्यात आणि विमा कंपनीत चौकशी करावी.

दुसऱ्या दिवशी भाच्याने चारही चकत्या काढून जुन्या बोल्टांवर मूळ चाके बसवली. मी पुन्हा फेरे मोजले. पूर्ण आठ. मग आम्ही छोटीला घेऊन फिरायला निघालो. स्टिअरिंग शांत होते.