लाईनचं तोंड

कवठे महांकाळच्या बाजूला बाळ दिवसांआधी झालं, वजन किलो-सव्वा किलोच भरलं, की गाडी मिरज-सांगलीची वाट धरते. मागं घरचे विचारणाऱ्यांना सांगतात, ‘काचेत ठेवलंय.’ म्हणजे आता काळजी नाही. हे निम्मंच खरं. काचेची पेटी थंडीपासून राखते. जंतू पेटीच्या झरोक्यांतून आत जाणाऱ्या हातांवर बसून येतात.

आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. हे बाळ त्याआधीच आलेलं. कातडी इतकी नाजूक, की चिकटपट्टी काढतानाही सोलते. दूध पचेपर्यंत त्याला पोसायचं, तर नाळेतून किंवा हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयाजवळ न्यावी लागते. वॉर्डात तिला ‘लाईन’ म्हणतात. बाळ जगतं तिच्यावर, आणि जंतूंनाही थेट रक्तात जायला तीच वाट.

औषध देताना दर वेळी लाईनचं तोंड उघडतं. जंतू तिथून शिरले, की नळीच्या आत बुळबुळीत थर धरतात; त्यात प्रतिजैविकांचं फारसं चालत नाही. म्हणून तोंड स्पिरिटनं १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. घाईत राहून जातं ते हे वाळू देणंच.

संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. उलट बाळ गार पडतं, मलूल होतं, मध्येच श्वास थांबवतं. किलोभराच्या बाळात रक्त ८०-९० मिली, चहाच्या कपाएवढंही नाही. त्यातलं १ मिली जंतू ओळखायला कल्चरला जातं. अहवालाला दीड-दोन दिवस लागतात, तोवर औषध अंदाजानं. दिल्लीच्या ३ मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ मध्ये झालेल्या पाहणीत असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू सर्वांत पुढे होते, आणि त्यांतले बरेच एकाहून अधिक औषधांना दाद देत नव्हते. अंदाज चुकतो तो इथे.

मला विचाराल, तर या संसर्गावरचा आपला सर्वांत शहाणा उपाय मुंबईच्या सायन रुग्णालयातला. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथं मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दुधाचा इथं काय संबंध? आईचं दूध आतड्याला जंतूंशी लढायला बळ देतं, हे झालंच. पण फाईलवर दुधाचा आकडा २ मिलीवरून ५ वर गेला, की शेजारच्या रकान्यात सलाईनचा आकडा उतरतो. दूध पुरेसं पचू लागलं, की लाईन काढून टाकतात.