पेढीचे दफ्तर आणि भावांची पत्रे

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पेढ्यांच्या दफ्तरांत रॉथशील्ड घराण्याच्या कागदपत्रांचे स्थान वेगळे आहे. कारण या पेढीचे भागीदार सख्खे भाऊच असल्याने खासगी पत्र कोठे संपते आणि व्यापारी पत्र कोठे सुरू होते, हे ठरवणे बहुधा अशक्य असते. फ्रँकफर्टच्या ज्यू वस्तीत पेढी उभारणारा मायर आम्शेल 1812 मध्ये वारला. त्याच्या पाच मुलांपैकी आम्शेल तेथेच राहिला आणि सालोमन व्हिएन्नात, नेथन लंडनमध्ये, कार्ल नेपल्समध्ये व जेम्स पॅरिसमध्ये व्यवहार पाहू लागला. रोजकीर्द म्हणजे तारखेवार नोंदींची वही आणि खतावणी म्हणजे त्याच नोंदी खातेवार मांडणारी वही. या दोन्ही वह्यांतून रक्कम कळते, परंतु ती कोणाच्या भरवशावर आणि कोणत्या भीतीपोटी गुंतवली, हे कळते ते पत्रांतूनच.

ही पत्रे जर्मन भाषेत, पण हिब्रू लिपीत लिहिलेली आहेत. ‘युडेनडॉइच’ नावाच्या या लेखनपद्धतीमुळे वाटेत पत्र फोडणाऱ्याला मजकूर सहज लागत नसे, आणि मोडी लिपी न येणाऱ्यासमोर पेशवे दफ्तराचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, जसा मुका राहतो, तशीच ती पुढे अभ्यासकांसमोरही मुकी राहिली. ती उलगडल्यावर दिसते ते असे की, हुंडीचे दर आणि कर्जरोख्यांचे भाव लिहिता लिहिता भाऊ नेथनच्या बोचऱ्या भाषेबद्दल तक्रार करतात, एकमेकांच्या ढिसाळ हिशेबावर रागावतात आणि प्रकृतीची विचारपूसही करतात.

वॉटर्लूच्या लढाईची (18 जून 1815) बातमी सर्वांआधी मिळवून नेथनने लंडनच्या बाजारात अफाट संपत्ती कमावली, ही कथा 1846 मधील एका ज्यूद्वेष्ट्या पुस्तिकेने पसरवली. बातमी त्याला लवकर कळली होती आणि त्यातून थोडाफार लाभही झाला असावा; परंतु ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्याला पुरवण्यासाठी ही पेढी सोने गोळा करत होती, त्यामुळे युद्ध अचानक संपणे तिच्या गैरसोयीचेच होते, असे अभ्यासकांनी या दफ्तराच्या आधारे दाखवले आहे. एका घराण्यावरचा, आणि त्याच्या आडून एका समाजावरचा आळ तपासण्याचे साधन या कागदांनी दिले, हे त्यांचे मोठेच ऋण मानावे लागेल.

विवाहाचे कागदही तितकेच बोलके आहेत. भांडवल घराबाहेर जाऊ नये म्हणून चुलत भावंडांचे विवाह वारंवार जुळवले गेले. 1836 च्या उन्हाळ्यात नेथनचा मुलगा लायोनेल आणि कार्लची मुलगी शार्लट यांच्या विवाहासाठी भाऊ फ्रँकफर्टला जमले, तेव्हा भागीदारीच्या नव्या कराराची बोलणीही तेथेच चालली आणि त्याच मुक्कामात नेथनचा अंत झाला. याच शार्लटने पुढे केंब्रिजला शिकणाऱ्या आपल्या मुलाला लिहिलेली पत्रे लंडनच्या उच्चभ्रू समाजाचे सूक्ष्म चित्र उभे करतात.

मात्र दफ्तर अखंड नाही. नेथनने भावांना लिहिलेली पत्रे फारशी उरलेली नाहीत, त्यामुळे त्याचा रोखठोक स्वभाव बहुतांशी भावांच्या उत्तरांतूनच ओळखावा लागतो. त्याचा नातू, पहिला लॉर्ड रॉथशील्ड, याने तर आपले खासगी कागद मृत्यूनंतर नष्ट करावेत अशी इच्छा व्यक्त केली आणि 1915 नंतर ती पाळली गेली. व्हिएन्नाचे कागद नाझींनी जप्त केले, युद्धानंतर ते मॉस्कोत पोहोचले आणि 2001 मध्ये घराण्याकडे परत येऊन लंडनच्या संग्रहात दाखल झाले.