वेढ्यातले माणूस आणि घरचा कारकून

सिडकोने आखलेल्या नवीन पनवेलच्या पश्चिम अंगाला, खांदेश्वर स्थानकाच्या आसऱ्याने वाढलेली खांदा कॉलनी ही नोकरदारांची, निवृत्तांची आणि शिकत्या मुलांची वस्ती आहे. आणि ज्यांचा मुलगा बोटीवर आहे, जावई आखातात आहे किंवा पुतणी परमुलखात वैद्यकाचा अभ्यास करीत आहे, अशी घरे तेथे अपूर्वाईची नाहीत. अशा एखाद्या घरावर, शत्रूच्या फौजेने वेढलेल्या नगरातून आपले माणूस सोडवून आणण्याचा प्रसंग ओढवला, तर घरच्यांच्या हाती नेमके काय असते, हा प्रश्न २०२२ च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनमधील युद्धामुळे महाराष्ट्रातल्या शेकडो कुटुंबांपुढे उभा राहिला. त्या पंधरवड्याचा सारा वृत्तांत आज शांतपणे चाळला असता माझे मत असे होते, की वेढ्यातून माणूस बाहेर येतो तो स्वतःच्या पायांनी, त्याला वाट मिळवून देण्याचे काम सरकारचे, आणि घरच्यांच्या वाट्याला येते ती निव्वळ कारकुनी. परंतु ही कारकुनी जो चोख बजावतो, त्याच्या माणसाची वाट पुष्कळच सुकर होते.

वेढ्याचा अनुभव आपल्या टापूला अगदीच नवा नाही. पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने काकांसमवेत उत्तर हिंदुस्थानात गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि १८५८ च्या मार्चअखेर इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा हे काका-पुतणे शहराच्या आतच होते. नगर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यांनी लपून राहून अनुभवली, मिळवलेली दक्षिणा गमावली, आणि जीव तेवढा वाचवून ते तेथून निसटले. या साऱ्या काळात वरसईच्या घरी मुलगा आणि भाऊ जिवंत आहेत की नाहीत हे कळण्यास मार्ग नव्हता, आणि काही करण्यासारखेही नव्हते. विष्णुभटांनी पुढे लिहून ठेवलेला हा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आजच्या घराची स्थिती नेमकी उलटी आहे: तळघरात बसलेल्या मुलीचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो, तोफेचा धमाकाही ऐकू येतो, आणि तरीही हात तेथवर पोहोचत नाही. या दोहोंपैकी कोणती यातना अधिक, याचा निवाडा मी करू धजत नाही.

युक्रेनच्या प्रकरणात पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वेढा पडण्यापूर्वी नऊ दिवस इशारा मिळाला होता. कीव येथील भारतीय वकिलातीने १५ फेब्रुवारीला, ज्यांचे राहणे निकडीचे नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तूर्त देश सोडण्याचा विचार करावा असे कळवले. २० तारखेस तो सल्ला पुन्हा दिला. आणि २२ तारखेस, वर्ग दूरस्थ पद्धतीने भरतील की नाही याच्या निर्णयाची वाट पाहत न बसता निघावे, असे स्पष्टच सांगितले. त्या दिवशी एअर इंडियाचे एक विमान काही लोकांना घेऊन परतलेही. परंतु तिकिटे महागली होती, गैरहजेरीने वर्ष बुडेल अशी धास्ती होती, आणि युद्ध खरोखर होईल असे पुष्कळांना वाटत नव्हते. २४ तारखेच्या पहाटे रशियाचे आक्रमण झाले, युक्रेनचे आकाश विमानांना बंद झाले, आणि लोकांना आणावयास निघालेले दुसरे विमान अर्ध्या वाटेवरून माघारी फिरले. वकिलातीची भाषा मुळातच सौम्य असते, ‘विचार करावा’ या शब्दांत ती ‘निघा’ असे म्हणत असते, हे ओळखून तिकिटाचे पैसे त्याच दिवशी पाठवणे ही घरच्यांच्या हातची सर्वांत मोठी मदत होय, आणि तिची मुदत सर्वांत तोकडी असते.

वेढा पडल्यानंतरची परिस्थिती कशी असते हे खारकीवने दाखवले. १ मार्चला तेथे कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी, खाण्याचे जिन्नस आणावयास बाहेर पडला असता, तोफखान्याच्या माऱ्यात मृत्यू पावला. दुसऱ्या दिवशी वकिलातीने हुकूमवजा सूचना काढली, की सर्व भारतीयांनी तेथील घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाच्या आत खारकीव सोडून पिसोचिन, बाबाय किंवा बेझल्युडिव्का या गावी पोहोचावे, वाहन न मिळाल्यास पायी जावे. अंतरे अनुक्रमे ११, १२ आणि १६ किलोमीटर. रेल्वे स्थानकावर गाडीत चढू न शकलेली मुले त्या थंडीत खरोखरच चालत गेली. त्या ऋतूत युक्रेनची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असल्याने तेथील सहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. पनवेलहून निरोप देणाऱ्याने ही वजाबाकी चुकवली तर मुदत सरल्यावर निरोप पोहोचावयाचा. म्हणून अशा प्रसंगी घरात एक घड्याळ त्या नगराच्या वेळेवर लावून ठेवावे आणि प्रत्येक निरोपात ‘तुमचे सहा’ असे लिहावे.

सूमी शहराचे प्रकरण याहून बिकट होते. रशियाच्या सरहद्दीपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या या विद्यापीठाच्या नगरीत सातशेच्या आसपास भारतीय विद्यार्थी अडकले. वीज आणि पाणी तुटले, तेव्हा त्यांनी बर्फ गोळा करून पाण्याची नड भागवली. ५ मार्चला, आता आम्ही जोखीम पत्करून सरहद्दीकडे चालत निघतो, असे त्यांनी चित्रफितीद्वारे जाहीर केले, आणि सरकारने त्यांना मोठ्या मिनतवारीने थांबवले. ७ तारखेस मुले बसमध्ये चढली, पण युद्धबंदी टिकली नाही आणि त्यांना उतरावे लागले. अखेर ८ मार्चला ६९४ विद्यार्थी बसगाड्यांनी पोल्तावाकडे निघाले, तेथून आगगाडीने ल्विव, पुढे पोलंड आणि मग मायदेश असा त्यांचा प्रवास झाला.

या वाटेला ‘मानवतावादी मार्गिका’ म्हणतात. ती कायम खुली सडक नसून, अमुक रस्त्यावर अमुक तासांत गोळीबार होणार नाही असा लढणाऱ्या दोन्ही पक्षांचा करार असतो, आणि त्यांपैकी एकाच्या एका तुकडीने तो मोडला तरी ती बंद होते. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराचे सतरावे कलम वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, वृद्ध, बालके आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न उभय पक्षांनी करावा, एवढेच सांगते. धडधाकट वीस वर्षांचा विद्यार्थी त्या यादीत बसत नाही, आणि ‘प्रयत्न करावा’ या शब्दांना सक्तीचे बळ नाही. म्हणूनच सूमीची वाट उघडण्यासाठी ७ मार्चला पंतप्रधानांना रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांच्या अध्यक्षांशी बोलावे लागले. घरच्यांनी यातून एवढे समजून घ्यावे, की ‘आज निघणार’ हा निरोप म्हणजे वचन नव्हे. बसमधून उतरवलेल्या मुलीला फोनवर रडून दाखवण्यापेक्षा, फोनची बॅटरी राखून ठेव आणि तुकडीबरोबर राहा, असे सांगणे तिच्या अधिक उपयोगी पडते.

आता कारकुनीकडे वळू. पारपत्राचा क्रमांक आणि त्याची छायाप्रत, परदेशातील वास्तव्याचा परवाना, वसतिगृहाचा पत्ता, रक्तगट, चालू औषधे, आणि सोबत असलेल्या दोघा-तिघांचे फोन, एवढा मजकूर एका कागदावर उतरवून तोच कागद सर्वत्र द्यावा: परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर, वकिलातीच्या नोंदणी-अर्जात, मुंबईच्या मंत्रालयातील राज्य आपत्ती नियंत्रण कक्षात, अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीत आणि पनवेलच्या तहसीलदारांकडे. एकाच घरातून मामाने एक, काकांनी दुसरी आणि वडिलांनी तिसरी माहिती दिली, तर दप्तरात एकाच मुलाची तीन माणसे होतात, आणि रुजुवात करण्यात अंमलदारांचे तास जातात. पारपत्र हरवले असल्यास वकिलातीकडून मायदेशी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र मिळते. पण जुन्या पारपत्राची प्रत घरी असली तर ते लवकर मिळते. मुलाशी बोलण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे आणि बोलण्याच्या वेळा दिवसातून दोन ठरवून घ्याव्यात. बाकीच्या आप्तेष्टांनी मुलाला थेट फोन न करता त्या एका माणसालाच विचारावे. (आत्याबाईंना राग येईल, तो येऊ द्यावा.)

मुलाचे राहते ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, आणि ‘पैसे भरा, सरहद्दीपार पोहोचवतो’ म्हणणाऱ्या अनोळखी मध्यस्थाला वकिलातीत विचारल्याखेरीज दमडीही देऊ नये. युक्रेनमधून भारतीयांना आणण्याच्या ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेत सरकारी विमानप्रवासाला पैसे पडले नाहीत, रुमानियाहून निघालेले पहिले विमान २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी २१९ जणांना घेऊन मुंबईस उतरले, आणि एकूण ९० विमानांनी, त्यांत वायुसेनेची १४, लोकांना आणले. खलाशांची तऱ्हा थोडी निराळी, कारण मिकोलाइव बंदरात अडकलेल्या ७५ भारतीय दर्यावर्दींसारख्यांना जहाज सोडावयाचे तर मालक आणि कप्तान यांची संमती लागते. त्यांच्या घरच्यांनी वकिलातीबरोबरच कंपनीला आणि जहाज वाहतूक महासंचालनालयालाही लिहावे.

बहुतेक विमाने दिल्लीस उतरत असल्याने तेथून पनवेलपर्यंतचा टप्पा घरच्यांनी आधीच ठरवून ठेवावा. दिल्लीला धाव घेण्याची गरज सहसा नसते. आणि मूल घरी पोहोचून जेवून झोपले, की दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत आणि ‘मदद’वर तसे कळवून त्याचे नाव यादीतून कमी करवून घ्यावे, कारण ते नाव तेथे राहिले तोवर वकिलातीतला कोणीतरी माणूस त्याच्या बंद पडलेल्या परदेशी क्रमांकावर फोन करीत राहतो.