खो-खोच्या परिभाषेचा परिचय

शाळेच्या मैदानावरील पुष्कळशी भांडणे ईर्ष्येतून नव्हे, तर एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतल्यामुळे उद्भवतात. खो-खो सर्वांना येतो, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे त्यातील संज्ञा समजावून देण्याची गरज कोणास भासत नाही. परंतु पैठण तालुक्यातील बिडकीनसारख्या, औद्योगिक वसाहत उभी राहिलेल्या गावी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलेही पटावर दाखल होतात. ‘दिशा’, ‘सूर’, ‘साखळी’ हे शब्द त्यांस नवे असतात. शब्द न कळलेले मूल चुकते, चुकलेल्यास संघातून वगळले जाते आणि मग ते मैदानाच्या कडेलाच बसून राहते. ही हानी थोड्या श्रमाने टाळता येते.

पुणे येथील डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळास नियमांची चौकट दिली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचेच होत.

मैदान : मोठ्यांचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन्ही टोकांस एकेक खांब असून त्यांस जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी म्हणजे मध्यपाटी. तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्यांमुळे जे आठ चौक होतात, त्यांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात. खांबापलीकडील जागेस मुक्तक्षेत्र म्हणतात.

खेळाडू : नववा गडी प्रत्यक्ष पाठलाग करतो, तो आक्रमक. पळणारे ते संरक्षक. संरक्षक तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात येतात. एक तुकडी संपताच दोन खो पडण्याच्या आत दुसरीने प्रवेश करावा लागतो. उशीर करणारा बाद होतो.

खो : बसलेल्या गड्याच्या पाठीमागून त्यास हात लावून त्याच क्षणी मोठ्याने ‘खो’ म्हणणे. स्पर्श व उच्चार एकाच वेळी व्हावेत. खो मिळण्यापूर्वी उठणे ही चूक होय. खो देणाऱ्याने त्याच चौकात तत्काळ बसावे.

दिशा : उठलेल्या गड्याने ज्या खांबाकडे मोहरा वळविला, ती त्याची दिशा. खांबास वळसा घातल्याविना अथवा मुक्तक्षेत्रात शिरल्याविना त्यास मागे फिरता येत नाही, की मध्यपाटीही ओलांडता येत नाही. संरक्षकास मात्र बसलेल्या गड्यांमधून कोठूनही जाण्याची मुभा असते. खेळाची सारी रंगत या एका भेदात आहे, हे मुलांस प्रथम सांगावे. चूक करून गडी टिपला, तर तो बाद धरीत नाहीत.

सूर : पळणाऱ्यास गाठण्यासाठी अंग पुढे झोकून हात लावणे. खांबाचा आधार घेऊन, वळसा घालणाऱ्यास टिपणे म्हणजे खांबावर गडी मारणे. खडकाळ वा कडक जमिनीवर सूर शिकवू नये. भुसभुशीत केलेल्या मातीतच त्याचा सराव द्यावा.

हुलकावणी व साखळी : एका बाजूस जाण्याचा आभास निर्माण करून दुसऱ्या बाजूस निसटणे ही हुलकावणी. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी वाटेने पळत राहणे ही साखळी.

निकाल : प्रत्येक बाद गड्यामागे आक्रमक संघास एक गुण मिळतो. ‘एका डावाने विजय’ म्हणजे विजेत्यांच्या एकाच डावातील गुण प्रतिपक्षाच्या दोन्ही डावांच्या गुणांहून अधिक होणे. ‘दोन मिनिटे राखून विजय’ म्हणजे शेवटच्या पाठलागात आवश्यक ते गुण दोन मिनिटे शिल्लक असतानाच मिळविणे. वृत्तपत्रांतील या वाक्यांचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा.

या संज्ञा फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. फक्कीने मैदान आखावे व पहिला डाव चालतच खेळवावा. प्रत्येक कृतीच्या वेळी तिचे नाव मुलांनीच मोठ्याने उच्चारावे. नवागत मुलास जाणत्या गड्याच्या शेजारच्या चौकात बसवावे आणि त्याच्या गावाकडे त्याच कृतीस काय म्हणतात, तेही वर्गास सांगू द्यावे. पंचाचे काम आळीपाळीने सर्वांस द्यावे. ज्याला निर्णय द्यावा लागतो, त्याला शब्दाचा नेमका अर्थ ठरविणे भाग पडते.