रेषेचा रियाज

अंड्यासारखा गोल काढा, त्याला मान जोडा, चार पाय लावा, की झाला बैल! चित्रकलेचे धडे असेच पायरीपायरीने देतात. आम्ही गायनशिक्षकही अलंकारांपासूनच आरंभ करतो. परंतु अलंकार घोकले म्हणजे राग आला, असे नव्हे. गोलाने प्रमाण कळते. पुढे निपाणीच्या शिवारातला खरा बैल पाहावा, त्याचे वशिंड, पायांवरचा भार न्याहाळावा आणि मगच रेष पक्की करावी. बेळगावच्या के. बी. कुलकर्णी यांच्या तालमीत तयार झालेले चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) यांनी आत्मचरित्राला नाव दिले ‘ब्रश मायलेज’. कुंचल्याची ही मजल म्हणजेच रियाज. तेव्हा पालकहो, वहीतला सुबक बैल पाहून हुरळू नका. शिवारातला बैल मुलाला काढता येतो का, ते पाहा.