उठावाची अक्षरं आणि गोठलेला द्रव

व्हिजिटिंग कार्डांच्या नमुन्यांत एखादं कार्ड बोटाला थांबवतं. बाकीचं कार्ड मॅट, आणि नाव तेवढं ओलं असल्यासारखं चकाकणारं, वर आलेलं. हा उठाव अगदीच थोडा, काही दशांश मिलिमीटरसुद्धा नाही; पण बोटाला तो भरपूर आहे. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की पृष्ठभागावरून फिरणारं बोट सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखतं.

चमकेचं गणित वेगळं. कागदाचा तंतू साधारण २० ते ३० मायक्रॉन जाड, प्रकाशाची तरंगलांबी मात्र ०.४ ते ०.७ मायक्रॉन. त्यामुळे साध्या कागदावर प्रकाश विखुरतो. द्रवाचा पृष्ठभाग मात्र पृष्ठताणामुळे आपोआप सपाट, आरशासारखा होतो. तेव्हा चमकदार अक्षर म्हणजे जागच्या जागी गोठवलेला द्रव. अडचण इथेच आहे: चमक हवी तर द्रव वाहायला हवा, उठाव हवा तर तो पसरता कामा नये. सगळं कसब त्याला नेमक्या क्षणी थांबवण्यात आहे.

उठावाच्या छपाईच्या थर्मोग्राफी या पद्धतीत हे काम उष्णता करते. ओल्या शाईवर राळेची बारीक भुकटी टाकतात, कोरड्या भागावरची ओढून घेतात आणि कार्ड तापवतात. भुकटी वितळते, एकजीव होते, थंड होताच घट्ट बसते. कोल्हापूरच्या फाउंड्री व्यवसायात ज्यांचा हात आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी शोधलेल्या शेल मोल्डिंगमध्ये तापलेल्या धातूच्या पॅटर्नवर राळ माखलेली वाळू टाकतात. पॅटर्नलगतचा थर धरतो, उरलेली वाळू ओतून काढतात. फरक एकच, पण मोठा: फाउंड्रीतली फेनॉलिक राळ एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही, थर्मोग्राफीतली वितळते.

दुसरी पद्धत स्पॉट यूव्ही, म्हणजे निवडक जागीच चमकदार वार्निश चढवणं; तिच्यात उष्णतेऐवजी रसायनशास्त्र कामाला येतं. पातळ अॅक्रिलेट वार्निशमधला एक घटक अतिनील प्रकाश पडताच फुटतो आणि सुटे रेणू साखळ्या जोडून जाळं विणतात. काही क्षणांत द्रवाचं घन होतं. हे वार्निश स्क्रीन प्रिंटिंगने लावताना जाळी जितकी विरळ आणि धागा जितका जाड, तितका थर जाड. खाली मॅट लॅमिनेशन लागतं, कारण प्लास्टिकची फिल्म वार्निश पिऊन घेत नाही; साध्या कागदात ते मुरतं आणि चमक, उठाव दोन्ही जातात. हवेतला ऑक्सिजनही ही साखळी मध्येच तोडतो, म्हणून अतिनील दिव्याचा जोर कमी झाला की वरचा थर चिकट राहतो. चिकट कार्ड हाताला लागलं तर शाईला दोष देण्याआधी दिवा तपासावा.

थर्मोग्राफीचं लेटरहेड लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. तिथला रोलर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि उठावाची अक्षरं त्याला चिकटून पुढच्या पानांवर उतरतात. यूव्हीचा थर वितळत नाही. त्याला भीती घडीची, कारण जाड थर वाकवला की तडकतो. म्हणून लग्नपत्रिकेत घडीच्या रेघेवर स्पॉट यूव्ही घेऊ नये.