अजिंक्य रहाणे ह्यांच्याविषयींचा वाद

संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द हें अजिंक्य रहाणे ह्यांचें जन्मगांव. त्यामुळें आमच्या जिल्ह्यांत त्यांच्याविषयीं वाद निघाला कीं तो घरच्या मुलाविषयीं निघाल्यासारखा तापतो. डिसेंबर २०२० मध्यें अ‍ॅडलेडला भारताचा संघ ३६ धावांत आटोपला. पुढच्याच मेलबर्नच्या कसोटींत कर्णधार रहाण्यांनीं ११२ धावा काढिल्या आणि अखेर मालिका २-१ अशी जिंकून आणिली. अशा पुरुषास जुलै २०२३ मधील दौऱ्यानंतर वगळावें हा अन्याय, असें तरुण मंडळींचें म्हणणें.

आम्हांस तें पटत नाहीं. मेलबर्ननंतर कसोटींत त्यांचें एकही शतक नाहीं. २०२१ सालीं १३ कसोटींत सरासरी २१ च्याही खालीं! ८५ कसोटी खेळावयास मिळाल्यावर संधि नाकारली असें कसें म्हणावें?

गाऱ्हाणें करावयाचें तर एकदिवसीय सामन्यांचें करावें. तें मात्र कोणी काढीत नाहीं. २०१७ मध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध सलामीस येऊन त्यांनीं लागोपाठ ५५, ७०, ५३ व ६१ धावा केल्या. ह्यांपैकीं शेवटची खेळी नागपुरास. पुढच्या मालिकेंत शिखर धवन परत येतांच हे राखीव खेळाडूंत जाऊन बसले. फेब्रुवारी २०१८ मध्यें डर्बनला चौथ्या क्रमांकावर ७९ धावा केल्या, तरी त्या मालिकेबरोबर तेंही दार लागलें. आणि २०१९ च्या विश्वचषकापर्यंत चर्चा कसली, तर चौथ्या क्रमांकावर कोणास खेळवावें ह्याची!

ते संथ खेळतात, हा आक्षेप होता. २०२३ मध्यें चेन्नईकडून आयपीएल खेळतांना ह्याच फलंदाजानें शंभर चेंडूंस १७२ ह्या वेगानें ३२६ धावा काढिल्या. तेव्हां त्यांचें वय ३४ होतें.